उतारावरचे घर आणि पावसाळा : तिकोणा पेठ परिसरात घ्यावयाची काळजी

पूर म्हटला, की नदीचे पाणी फुगून दारात आल्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पवन मावळातील तिकोणा पेठेसारख्या गडपायथ्याच्या गावांत मात्र पाणी वरून उतरते. ते डोंगराच्या घळीतून अंगणात येते, छपराच्या फटीतून माळ्यावर ठिबकते, झडीबरोबर भिंतीत मुरते आणि घराच्या जोत्याखालची माती हळूहळू ओली करीत राहते. त्यामुळे येथील घराची पावसाळी तयारी नदीकाठच्या शहरी घरापेक्षा वेगळी असते.

तिकोणा ऊर्फ वितंडगड हा समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० फूट उंचीचा किल्ला मावळ तालुक्यात पवना जलाशयाच्या परिसरात आहे. त्याच्या पायथ्याची तिकोणा पेठ आणि जलाशयाभोवतीची गावे गेल्या काही दशकांत शहरवासीयांच्याही परिचयाची झाली आहेत. पुण्या-मुंबईच्या अनेक कुटुंबांनी या पट्ट्यात बंगले बांधले किंवा भूखंड घेतले. ऐन जुलैत हे मालक बहुधा शहरात असतात. घराची देखभाल करणारे कुटुंब आणि उताराच्या खालच्या अंगाचे गावकरी मात्र तेथेच राहतात. म्हणूनच वरच्या घराने पाण्याची वाट कोठे सोडली, यावर खालच्या घराची सुरक्षितता अवलंबून असते.

पाऊस किती, पाणी किती

पुणे शहरात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात हेच प्रमाण ४००० मिलिमीटरच्या पुढे जाते. या दोन टोकांमधील अंतर रस्त्याने जेमतेम ६५ किलोमीटर आहे. घाटमाथ्याकडे एकेक गाव पुढे सरकावे तसा पाऊस वाढत जातो. त्यामुळे शहरातील घराचा अनुभव मावळातील घराला लागू पडत नाही.

भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो मुसळधार; ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला, तर अति मुसळधार आणि त्याहून अधिक झाला, तर अत्यंत मुसळधार समजला जातो. घाटमाथ्यावर यांतील शेवटच्या वर्गात मोडणारे दिवस जवळजवळ दर पावसाळ्यात येतात. जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातील ताम्हिणी परिसरात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती.

हे आकडे घराच्या हिशेबात मांडले, तर त्यांचे गांभीर्य लक्षात येते. एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसभरात २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येते. दहा गुंठ्यांच्या भूखंडावर त्याच दिवशी पडणारे पाणी दोन लाख लिटरच्या घरात जाते. डोंगरावरून वाहत येणारे पाणी यात धरलेले नाही. एवढ्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर ते स्वतःची वाट काढते. ती वाट बहुधा कच्च्या भिंतीखालून किंवा भरावातून जाते.

तयारी मे महिन्यातच

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत घर शाकारून घ्यावे, अशी जुनी रीत आहे. अलीकडच्या वर्षांत एवढ्यावर विसंबून राहता येत नाही. २०२५ मध्ये नैऋत्य मोसमी पाऊस २५ मे रोजी तळकोकणात आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई-पुण्यात दाखल झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून किनाऱ्यालगत गुजरातकडे गेले, तेव्हा मोसमी पावसाला अद्याप अवकाश होता. वळवाच्या पावसाबरोबर येणारा सोसाट्याचा वारा तर एप्रिलपासूनच पत्रे उडवू शकतो.

त्यामुळे छपराची व भिंतींची कामे एप्रिलअखेर, तर चर, नाल्या व झाडांच्या फांद्यांची कामे १५ मेपर्यंत उरकणे इष्ट ठरते. मेच्या उत्तरार्धात सुतार, गवंडी आणि वायरमन यांना एकाच वेळी सगळीकडून बोलावणे येते. शिवाय ओल्या भिंतीवर केलेले प्लास्टर आणि ओल्या स्लॅबवर दिलेला जलरोधक लेप टिकत नाही.

आधी पाण्याची वाट

मावळातील अनुभवी शेतकरी घराच्या डागडुजीची सुरुवात छपरापासून करीत नाही. तो आधी कुदळ घेऊन घराच्या मागे जातो. डोंगराकडच्या बाजूने येणारे पाणी घरापर्यंत पोचू न देता बाजूला वळविणारा चर काढणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. हा चर घराच्या मागील भिंतीला लागून नसावा. भिंतीपासून काही फूट अंतर राखून तो उताराला किंचित तिरका काढावा. त्याचे तोंड नैसर्गिक ओढ्यात किंवा घळीत सोडावे. शेजाऱ्याच्या अंगणात किंवा भाताच्या खाचरात ते सोडल्यास एका घराचे संकट दुसऱ्याकडे ढकलले जाते.

चर मातीचा असेल, तर तळाशी दगड बसवावेत. अन्यथा पहिल्या मोठ्या पावसात तो खोल होत जाऊन स्वतःच कडा ढासळवू लागतो. दर मोठ्या पावसानंतर त्यातील पालापाचोळा, गाळ आणि प्लॅस्टिक काढणे आवश्यक असते. तुंबलेला चर नसलेल्या चरापेक्षा अधिक घातक ठरतो, कारण त्यात साठलेले पाणी थेट उतारात मुरते.

अंगणाचा उतार घराकडून बाहेर असावा. जोत्याभोवती दोन ते तीन फूट रुंदीचा फरसबंद पट्टा असल्यास पागोळ्यांचे पाणी पायाजवळ मुरत नाही. पन्हळ लावली असेल, तर तिचे पाणी जोत्यापाशी न सोडता नळाने चरापर्यंत न्यावे.

डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवर बांधलेल्या घरांना मागे संरक्षक भिंत असते. या भिंतीतील पाणी निघण्याची छिद्रे अनेकदा रंगकामात किंवा प्लास्टरमध्ये बुजविली जातात. भिंतीमागे साठलेल्या पाण्याचा दाब मातीच्या दाबाहून भारी पडतो आणि दणकट दिसणारी भिंतही पोट काढते. ही छिद्रे उन्हाळ्यात सळईने मोकळी करावीत. पावसात त्यांतून स्वच्छ पाणी वाहत असेल, तर ते सुचिन्ह समजावे. पाणी अचानक बंद झाले किंवा त्यातून गढूळ माती येऊ लागली, तर मात्र तातडीने जाणकारास दाखवावे.

शौचालयाच्या शोषखड्ड्याकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. जुलैत जमीन पाण्याने पूर्ण भरलेली असते, त्यामुळे शोषखड्ड्यातील पाणी जिरत नाही. सेप्टिक टाकी मे महिन्यातच उपसून घ्यावी. उताराच्या कडेला असलेला शोषखड्डा, गळणारी टाकी किंवा जलतरण तलाव त्या उताराला बारमाही ओल पुरवीत असतो. असे दोष पावसाळ्यापूर्वी दूर केले नाहीत, तर पहिल्याच संततधारेत ते महागात पडतात.

छप्पर : कौले, पत्रा आणि स्लॅब

कौलारू घराची शाकारणी म्हणजे केवळ फुटकी कौले बदलणे नव्हे. कौले उतरवून त्यांखालील रीपा आणि वासे तपासावे लागतात. वाळवी लागलेला वासा वरून शाबूत दिसतो. टोचणीने टोचून पाहिल्यावरच त्याचा पोकळपणा कळतो. आढ्यावरील कौलांचा चुना किंवा सिमेंट निघाले असेल, तर ते नव्याने भरावे. कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रीपांना बांधल्यास वाऱ्यात त्या हलत नाहीत. वानरांचा उपद्रव असलेल्या भागात घरात वीस-पंचवीस कौले शिल्लक ठेवण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे.

पत्र्याच्या छपराची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. सह्याद्री ओलांडून ते पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात आले, तेव्हा त्याचा जोर कमी झाला होता. तरीही मावळ, मुळशी, खेड आणि जुन्नर तालुक्यांत घरांचे व शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले आणि फुलशेतीची पॉलिहाउस मोडून पडली.

वारा पत्रा दाबत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरचा दाब कमी करतो आणि उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून पडवीचा आणि कडेचा पत्रा सर्वांत आधी उडतो. कडेच्या ओळीत प्रत्येक नागमोडीच्या उंचवट्यावर स्क्रू किंवा जे-हुक असावा. मधल्या भागात एकाआड एक चालतो. स्क्रूखालील रबरी वॉशर उन्हाने तडकतात. ते दर दोन-तीन वर्षांनी बदलावेत. भिंतीबाहेर निघालेला पत्रा दीड फुटापेक्षा अधिक नसावा. दोन पत्र्यांच्या जोडाचे तोंड पश्चिमेकडील वाऱ्याकडे उघडे राहू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छपराचा सांगाडा भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेला असावा, नाहीतर पत्रा सांगाड्यासह जातो. पत्र्यावर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची सवय धोक्याची आहे. वादळात तेच खाली येतात.

स्लॅबच्या घरात गळतीचे कारण बहुधा तुंबलेले पाणी असते. गच्चीवरील निचऱ्याची तोंडे जाळी बसवून मोकळी ठेवावीत आणि एका तोंडावर अवलंबून न राहता दोन ठेवावीत. उन्हाळ्यात ही तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवल्यास गळतीची जागा नेमकी कळते. तडे रुंद करून भरल्यानंतरच वरून लेप द्यावा. तड्यावर नुसता रंग मारल्याने ओल आत अडकते.

झड आणि भिंती

मावळात पाऊस उभा पडतो त्याहून अधिक आडवा येतो. पश्चिम आणि नैऋत्येकडील भिंतींना झडीचा मार बसतो. पूर्वी कारवीच्या कुडाच्या आणि मातीच्या भिंतींना या बाजूने भाताच्या पेंढ्याची किंवा गवताची झडप बांधली जाई. आता त्या जागी ताडपत्री किंवा हिरवी जाळी दिसते. ताडपत्री बांधताना ती भिंतीला चिकटवू नये. वीतभर अंतर सोडून बांबूच्या चौकटीवर ती ताणली, तर मागे हवा खेळती राहते आणि भिंत वाळते. चक्रीवादळाचा इशारा मिळाल्यास मात्र अशा झडपा उतरवून ठेवाव्यात. वादळ पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशा बदलते आणि एका बाजूने संरक्षण देणारी ताडपत्री शिडासारखी फुगते.

विटांच्या उघड्या भिंती पाणी पितात. पश्चिमेची भिंत तरी बाहेरून प्लास्टर केलेली असावी. खिडक्यांवरील छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, तर पाणी छज्जाखालून भिंतीकडे वळते. मातीच्या भिंतीचा तळाचा दोन फुटांचा भाग हा तिचा प्राण असतो. तेथे पाणी उडणार नाही, एवढी काळजी घेतली, तर अशी भिंत वर्षानुवर्षे टिकते.

वीज : दुर्लक्ष नको

पावसाळ्यातील अनेक मृत्यू पाण्यात बुडून नव्हे, तर विजेच्या धक्क्याने होतात. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी पहाटे डेक्कन जिमखान्याजवळील पुलाची वाडी येथे पाणी शिरत असताना हातगाडी हलविणाऱ्या तिघा तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर विचार करण्यास वेळ मिळत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

घरात ३० मिलिअँपिअरवर वीजप्रवाह तोडणारा सुरक्षा स्विच बसवून घ्यावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात तपासून घ्यावा. मीटरचा फलक झडीच्या बाजूला असल्यास त्यावर छोटे छप्पर करावे. पत्र्याच्या घरात विजेची वायर पत्र्याला कोठेही टेकता कामा नये. कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार वापरू नये. नायलॉनची किंवा सुताची दोरी बांधावी. गळक्या वायरचा स्पर्श झालेली तार आणि ओले कपडे यांमुळे गावोगावी अपघात घडले आहेत. घरात पाणी शिरू लागल्यास हात व पाय कोरडे असतानाच मुख्य स्विच बंद करावा. स्विचपर्यंत जाण्यासाठी पाण्यातून जावे लागणार असेल, तर त्यास हात लावू नये व महावितरणला कळवावे. इन्व्हर्टर वेगळा बंद करण्याचे लक्षात ठेवावे.

पाणी, आजार आणि सर्पदंश

संततधारेत विहिरी आणि झरे गढूळ होतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम ग्रामपंचायत करते. खासगी विहिरीच्या मालकाने ते स्वतः करून घ्यावे. पिण्याचे पाणी गाळून, उकळून घ्यावे. रस्ता बंद पडल्यास पुरेल एवढा धान्य, पीठ, मीठ, काडेपेटी, मेणबत्त्या, बॅटरी आणि नेहमीच्या औषधांचा किमान आठवडाभराचा साठा घरात असावा. मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण तसेच गरोदर महिला असलेल्या घरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. प्रसूतीची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असल्यास आधीच रस्त्यालगतच्या मोठ्या गावी मुक्काम हलविणे हितावह ठरते.

भाताच्या खाचरात काम करणाऱ्यांनी पायावरील जखमा झाकाव्यात. लावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना असल्यास अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावे. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो.

बिळांत पाणी शिरल्याने साप घरात येतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. जमिनीवर झोपणे टाळावे. खाटेवर झोपून मच्छरदाणी गादीखाली खोचावी. सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला लावून रचू नयेत. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे टाळावे. अवयव हलू न देता रुग्णास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

डोंगराच्या खुणा

घराची सर्व तयारी पूर्ण असली, तरी एक संकट असे आहे, की त्यापुढे भिंत, छप्पर, स्क्रू यांचा उपयोग होत नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराखाली गाडले गेले. त्यात १५१ जणांचा बळी गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे तोच प्रकार घडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली; २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोध लागलाच नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे त्यानंतर शासनाने स्पष्ट केले. आपले गाव यादीत नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हा त्याचा अर्थ होय.

सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण असला, तरी त्यावर मुरूम आणि मातीचा सैल थर असतो. दिवसेंदिवस मुरणारे पाणी या थरात साठते, त्याचे वजन वाढविते आणि खडकाशी असलेली पकड सैल करते. म्हणून एका दिवसाच्या मुसळधार पावसापेक्षा अनेक दिवसांच्या संततधारेनंतर आलेला मुसळधार पाऊस अधिक धोकादायक असतो. उताराचा पायथा घरासाठी किंवा रस्त्यासाठी कापला असेल, तर या थराचा आधारच निघून जातो.

दरड अनेकदा आधी खुणा देते. घराच्या वरच्या बाजूला जमिनीत नवीन भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, भिंत आणि ओटा यांच्यात फट पडणे, नव्या जागी झरा फुटणे, वाहता झरा एकाएकी बंद होणे किंवा गढूळ होणे, या त्या खुणा होत. पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर वर कोठेतरी दरड येऊन ते अडले असण्याची शक्यता असते आणि ते एकदम सुटू शकते. उन्हाळ्यात दिसलेली भेग चिकणमातीने बुजवून त्यावर ताडपत्री टाकावी, म्हणजे पाणी आत शिरणार नाही; तिची माहिती ग्रामपंचायत व तहसील कार्यालयास लेखी द्यावी.

घर केव्हा सोडावे

माळीणची दुर्घटना सकाळी लोक घरात असताना घडली, तर इर्शाळवाडीची रात्री लोक झोपेत असताना. अंधारात, पावसात, लहान मुले आणि गुरे घेऊन निघण्याचा निर्णय कोणालाही अवघड वाटतो. म्हणून तो निर्णय आधीच, उजेडी आणि शांतपणे घेऊन ठेवणे आवश्यक असते. हवामान विभागाने घाटमाथ्यासाठी लाल इशारा दिला असेल, आधीचे दोन-तीन दिवस संततधार असेल आणि वरीलपैकी एकही खूण दिसत असेल, तर संध्याकाळपूर्वी घर सोडावे. जायचे ठिकाण उतारापासून आणि ओढ्यापासून दूर असावे. शाळा, मंदिर किंवा समाजमंदिर निवडताना ते स्वतः डोंगरकड्याखाली नाही ना, हे पाहून घ्यावे. गोठ्यातील गुरांची दावी सोडून द्यावीत.

निघणे अशक्य झाल्यास डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, मजला असल्यास वरच्या मजल्यावर थांबावे आणि आळीपाळीने जागे राहावे. गडगडाट किंवा झाडे मोडल्याचा आवाज आल्यास ओढ्याच्या दिशेने खाली न पळता आडवे, बाजूच्या उंचवट्याकडे जावे. दरड कोसळल्यानंतर सामान आणण्यासाठी परत जाऊ नये. पहिल्या दरडीमागून दुसरी येण्याचा धोका असतो.

दाराजवळ एक पिशवी तयार असावी. तीत आधारकार्ड, शिधापत्रिका, सातबारा उतारा, बँकेचे पासबुक आणि विम्याची कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावीत. बॅटरी, शिटी, औषधे, चार्ज केलेला पॉवर बँक, कोरडे कपडे आणि थोडी रोख रक्कम हवी. ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाचा आवाज लवकर बसतो. शिटीचा आवाज दूरवर जातो.

शहरातील घरमालकांसाठी

घराची देखभाल करणाऱ्या कुटुंबाची खोली अनेक बंगल्यांत आवाराच्या कोपऱ्यात, उताराला किंवा ओढ्याला लागून असते. बंगल्याचे छप्पर तपासताना त्या खोलीचे छप्पर, वायरिंग आणि मागची भिंत आधी पाहिली जावी. धोक्याचा इशारा मिळाल्यास त्या कुटुंबाने मालकाच्या परवानगीची वाट न पाहता मुख्य घरात किंवा गावात जावे, असे त्यांना पावसाळ्यापूर्वीच स्पष्ट सांगावे आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवावी.

नवे बांधकाम करणाऱ्यांनी मागील बाजूचा डोंगर न कापता घराचीच रचना उताराप्रमाणे टप्प्याटप्प्याने करावी. एकास पाचपेक्षा तीव्र उतार असलेल्या टेकडीवर बांधकामास राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मनाई आहे. कुंपणाची सलग भिंत बांधून ओढा अडविणे, मोरी अरुंद करणे किंवा भराव टाकून घळ बुजविणे, यांचे परिणाम पहिल्याच पावसाळ्यात खालच्या वस्तीला भोगावे लागतात. जलाशयाकाठी तंबू ठोकणाऱ्यांनीही कोरडा दिसणारा ओढ्याचा तळ टाळावा.

पवनेच्या खालच्या अंगाला

तिकोणा पेठेच्या परिसरात पडलेले पाणी पवना धरणात जमा होते. सुमारे साडेआठ अब्ज घनफूट क्षमतेचे हे धरण पिंपरी-चिंचवडची तहान भागविते. धरण भरल्यावर पाणी नदीत सोडले जाते आणि चिंचवड, थेरगाव, पिंपळे गुरव, सांगवी येथील नदीकाठच्या घरांना धोका निर्माण होतो. चिंचवडचे मोरया गोसावी मंदिर मोठ्या पुरात पाण्याखाली जाते. येथील तळमजल्यावरील रहिवाशांनी मावळातील पावसाच्या बातम्यांकडे आपल्या घराचा इशारा म्हणूनच पाहावे. विसर्गाची सूचना मिळताच वाहने उंचावर न्यावीत, लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून बंद करावी, भूमिगत टाकीचे झाकण घट्ट लावावे आणि पंपाचा वीजपुरवठा तोडावा.

नुकसान झाल्यास

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास शासन त्यास अतिवृष्टी मानते. घराची पडझड झाल्यास ढिगारा हलविण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्यात भिंत, छप्पर, धान्य, भांडी, गुरे यांची स्वतंत्र नोंद झाली आहे ना, हे वाचून मगच सही करावी. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ, पूर आणि भूस्खलन यांचा समावेश आहे. पॉलिसी घेताना घराचे वय व बांधकामाचा प्रकार खरा नमूद करावा.

हाताशी असावेत असे क्रमांक

कोणत्याही आपत्तीत : ११२
रुग्णवाहिका : १०८
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
महावितरण : १९१२

वीज पडण्याच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ आणि शासकीय इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही मोबाइल ॲप उपलब्ध आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी मावळ तालुक्यातच सुदुंबरे येथे आहे, तर लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र ही स्वयंसेवी संस्था डोंगरातील बचावकार्यासाठी ओळखली जाते. मात्र रस्ता खचला किंवा मोबाइलचे मनोरे बंद पडले, तर पहिले काही तास शेजारीच एकमेकांच्या उपयोगी पडतात. प्रत्येक वस्तीत कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कोणाकडे दोर व शिडी आहे आणि रात्री कोणी कोणाला उठवायचे, हे मे महिन्यातच ठरवून घ्यावे. या तयारीस एक पैसाही लागत नाही.